पाऊण तासाचा समुद्र

शिंपल्यांचा हंगाम उघडायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे केरगोलेन बंदरात कुणालाच धड ठाऊक नव्हतं. पण ते करण्यासाठी समिती मात्र होती. समुद्र आपला उघडाच असतो. शिंपले तळाच्या वाळूत अर्धे पुरलेले पडून असतात, त्यांना ना दार ना कडी. तरी दर ऑक्टोबरात समिती लिलावघराच्या माडीवर जमायची आणि हंगाम उघडायची. लोणच्याच्या बरणीचं झाकण घट्ट बसलं की घरातला प्रत्येक जण ते एकदा फिरवून बघतो, तसं इथे प्रत्येक जण हंगामावर एकदा बोलून बघायचा. आणि बरणीप्रमाणेच, शेवटी ते उघडलं की सगळ्यांना वाटायचं, माझ्यामुळेच सैल झालं होतं.

आझेनोर ल बिविक या सभेत भिंतीला टेकून उभी राहायची. खुर्चीवर बसलं की आपण सभेला आल्यासारखं दिसतं, आणि तिला ते नको होतं. वय एक्केचाळीस, स्वतःच्या बोटीची तांडेल, आणि बंदरातल्या एकूण एक माणसाबद्दल तिचं मत तयार होतं. मत एकच होतं. माणसं वेगवेगळी असल्यामुळे ती ते वेगवेगळ्या शब्दांत मांडायची, एवढंच.

यंदाही वार ठरले, जागा ठरल्या, वेळ ठरली. आठवड्यातून दोन दिवस, दर दिवशी पाऊण तास. त्या पाऊण तासात लोखंडी दातांची खरवडणी तळावरून ओढून जे काही पिशवीत येईल ते तुमचं. त्यानंतर खरवडणी पाण्यात सापडली तर तुम्ही समितीचे.

समिती म्हणजे अध्यक्ष आल्फाँस केरांब्रून. बाकीची माणसं त्यांच्या दोन्ही बाजूंना ठेवलेली असत, दिवाणखान्यात कपाटाच्या दोन्ही बाजूंना फुलदाण्या ठेवतात तशी. केरांब्रून बोलायला उठले की आधी पोट उठायचं, मग आवाज, आणि मग सवडीनं मुद्दा. त्यांच्या बोटीचं नाव होतं 'ओदिल दुसरी'. पहिली ओदिल बोट नव्हती, बायको होती. ती लोरियाँला निघून गेली तेव्हा त्यांनी नवी बोट घेतली आणि वाया जाऊ नये म्हणून नाव तेच ठेवलं. सध्याच्या बायकोचं नाव मार्तिन होतं, आणि ती बंदराकडे पाठ करूनच बाजाराला जायची.

"आता नियम चौदावा," केरांब्रून म्हणाले आणि त्यांनी चष्म्यावरून थेट भिंतीकडे पाहिलं. "खरवडणी अडकली, गुंतली, तुटली, हरवली, काहीही झालं तरी वेळ संपल्यावर ती पाण्यात असेल, तर तो गुन्हा. सबब ऐकली जाणार नाही."

हा नियम आझेनोरसाठी खास शिवून घेतलेला होता. मागच्या हंगामात तिची खरवडणी वेळ संपताना नेमकी खडकात अडकायची. ती रेडिओवर तसं कळवायची आणि खडकातून सोडवता सोडवता आणखी एक पिशवी भरून घ्यायची. हे इतक्या वेळा झालं, की त्या भागात खडकच नाहीत, सगळी वाळू आहे, असं समुद्राचे नकाशे छापणाऱ्या खात्यानं आपणहून कळवलं. तिला दोनदा ताकीद मिळाली. तिसऱ्या वेळी परवानाच जाणार होता. आणि परवाना गेला की तो प्रतीक्षायादीतल्या पहिल्या माणसाला मिळतो, परत येत नाही. यादीतला पहिला माणूस होता ग्वेंडाल, केरांब्रूनचा भाचा.

"आणि अध्यक्षांचीच खरवडणी अडकली तर?" आझेनोरनं विचारलं.

"अध्यक्षांची अडकत नाही, पोरी."

"हो, अडकायला आधी ती पाण्यात टाकावी लागते."

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. केरांब्रूननं मान वळवून कोण हसलं ते बघितलं, आणि मग ते हसू त्या माणसाच्या तोंडावर तसंच राहिलं, काढून ठेवायला जागा न मिळालेल्या टोपीसारखं.

"तीस वर्षं समुद्रावर आहे मी," केरांब्रून म्हणाले. "तीस वर्षांत एकदाही रेडिओवर मदत मागितलेली नाही. कुणालाही विचार."

"विचारायची गरज नाही. तू दर सभेत सांगतोस, आल्फाँस."

चौदाव्या नियमाला अपवाद एकच होता, आणि तो समितीनं ठेवलेला नव्हता, सरकारनं ठेवायला लावलेला होता. एखादी बोट संकटात आहे आणि दुसरी तिला मदत करतेय असं वेळ संपायच्या आत कळवलं, तर मदत पुरी होईपर्यंत दोघींनाही वेळेचं बंधन नाही. केरांब्रूनना तोही अपवाद नको होता. पण सरकारी वकिलाचं म्हणणं पडलं की बुडणाऱ्या माणसावर पाऊण तासाची मर्यादा घालणं कायद्यात बसत नाही.

आणि अशा रीतीनं हंगाम उघडला. टाळ्याही झाल्या. शिंपल्यांना कुणी कळवलं नाही.

*

पहिल्या सोमवारी सकाळी सगळ्या बोटी आखातात जाऊन उभ्या राहिल्या. उभ्या म्हणजे नावाला. प्रत्येकीचं इंजिन बोंबलत होतं, प्रत्येकीची खरवडणी पाण्याच्या वर वीतभर लोंबकळत होती, आणि प्रत्येक तांडेल शेजारच्या बोटीकडे असा बघत होता, जसा लग्नात पंगत बसायच्या आधी माणूस मोक्याच्या पाटाकडे बघतो.

वर पाळतीचं विमान घिरट्या घालत होतं. त्यात एक बाई बसलेली असायची. ती रेडिओवर 'सुरू' म्हणायची, मग 'दहा मिनिटं उरली' म्हणायची, मग 'बंद' म्हणायची, आणि मधल्या वेळात फोटो काढायची. तिला कुणी कधी पाहिलेलं नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकणं ही म्हण ज्यानं काढली त्याला विमान परवडलं नसावं.

आझेनोरच्या बोटीचं नाव 'पेन-कालेद', म्हणजे टणक टाळकं. नाव तिच्या बापानं ठेवलं होतं. ते बोटीचं ठेवलं की मुलीला डोळ्यांसमोर ठेवून, हे त्यानं कधी सांगितलं नाही. बोटीवर ती आणि खलाशी तांगी, दोघंच. तांगी साठीला आलेला. तिच्या बापाच्या वेळेपासून याच बोटीवर होता आणि जेवणाखेरीज कशावरही त्याचा फारसा विश्वास नव्हता.

"कुठे टाकायची?" तांगीनं विचारलं.

आता इथे या बंदराची खरी गंमत आहे. शिंपले कुठे आहेत हे प्रत्येक तांडेलाला ठाऊक असतं. प्रत्येकाची बापजाद्यांची जागा असते, प्रत्येकानं वर्षभर ती मनात धरून ठेवलेली असते. आणि 'सुरू' म्हणताच प्रत्येक जण ती जागा सोडून दुसऱ्याच्या मागे जातो. कारण आपल्या जागेवर शिंपले आहेत हे आपल्याला माहीत असतं, पण दुसऱ्याला आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे हे आपल्याला त्याहून पक्कं माहीत असतं.

आझेनोर या सगळ्यांना मेंढरं म्हणायची.

"उत्तरेच्या कडेला," ती म्हणाली. "बाबांच्या जागी."

"सुरू," विमानातली बाई म्हणाली.

आझेनोरनं बोट उत्तरेला घातली, आणि तेवढ्यात डाव्या अंगाला 'ओदिल दुसरी' किंचित वळताना दिसली. अगदी किंचित, आपण वळतोय हे कुणाला दिसू नये अशी. आझेनोरच्या डोक्यात घंटा वाजली. उन्हाळ्यात शास्त्रज्ञांनी तळ तपासून केलेला नकाशा समितीकडे होता, म्हणजे केरांब्रूनच्या टेबलाच्या खणात होता. हा माणूस फुकटचं शेणसुद्धा ओलांडणार नाही, मग उगाच वळेल कशाला?

तिनं सुकाणू फिरवलं.

"बाबांची जागा तिकडे राहिली," तांगी म्हणाला.

"गप बस."

"मी आपलं दिशा सांगितली."

'ओदिल दुसरी' आणखी वळली. 'पेन-कालेद' आणखी वळली. मग दोघी एकमेकींभोवती एक गोल फिरल्या, फुगडीसारख्या. आझेनोरला वाटलं, हा आपल्याला चकवतोय, म्हणजे जागा इथेच आहे. तिनं हात खाली केला, तांगीनं खरवडणी सोडली, आणि त्याच क्षणी चाळीसेक हातांवर 'ओदिल दुसरी'वरूनही साखळीचा खळखळाट ऐकू आला.

बराच वेळ ओढणं झाल्यावर बोटीला हिसका बसला. तांगी जागच्या जागी बसला. वायर ताणून वाजायला लागली, आणि 'ओदिल दुसरी'चं मागचं टोक, न बोलावता, 'पेन-कालेद'कडे सरकायला लागलं.

"अडकली," तांगी म्हणाला. मग त्यानं पलीकडे बघितलं. "अडकले."

*

दोन्ही बोटी कुशीला कुशी लावून उभ्या राहिल्या. खाली दोन्ही खरवडण्यांचे दात एकमेकांत आणि दोन्ही वायरींची वेणी झालेली होती. बाकीचा ताफा दूर आपापल्या कामात होता. या पाऊण तासात कुणाच्या बोटीला आग लागली तरी शेजारचा आधी आपली खरवडणी वर घेईल, मग बादली शोधेल, अशी इथली रीत होती आणि त्यात कुणाला वावगं वाटत नसे.

"तू माझ्या वायरीवरून गेलीस!" केरांब्रून कठड्याशी येऊन ओरडले.

"तुझी वायर माझ्याखाली आली."

"तुझी वायर काप."

"तू काप."

"माझी खरवडणी नवी आहे."

"मग नव्या कात्रीनं काप. आणि कापली तर ती जाईल कुठे, आल्फाँस?"

"तळाला."

"तळ कुठे आहे?"

आपणच लिहिलेला नियम केरांब्रूनच्या चेहऱ्यावरून हळूहळू सरकत गेला. 'अडकली, गुंतली, तुटली, हरवली.' तळ पाण्यातच होता. त्या नियमाखाली तुटलेली खरवडणीसुद्धा गुन्हाच होती, आणि तळाशी पडून राहिली तर दर सोमवारी आणि बुधवारी नव्यानं गुन्हा करणार होती.

"चांगला नियम आहे," ते शेवटी म्हणाले. खरंच त्यांना तसं वाटत होतं. "कुठूनच सुटका नाही."

"तुझ्या विंचनं दोन्ही उचल की मग. पंचक्रोशीला दाखवत फिरत होतास ना."

'ओदिल दुसरी'चा विंच, म्हणजे वायर गुंडाळून खरवडणी वर ओढणारं यंत्र, नवाकोरा जर्मन होता. त्याला एक छोटा पडदा होता. वजन जास्त झाल्यावर तो स्वतःचा विचार करून बंद पडला होता आणि पडद्यावर एक लांबलचक वाक्य आलं होतं. केरांब्रूननं ते तीनदा वाचलं होतं. वाक्य जर्मनमध्ये होतं.

"तो विश्रांती घेतोय," केरांब्रून म्हणाले.

"मालकावर गेलाय."

'पेन-कालेद'चा विंच आझेनोरच्या बापाचा. त्याला पडदा नव्हता, झाकणही नव्हतं. तांगीनं खटका ओढला. विंच खोकला, त्यानं काळा धूर सोडला आणि दोन्ही खरवडण्यांचं ओझं घेऊन हळूहळू फिरायला लागला. म्हाताऱ्या बैलानं भरली गाडी चढणीवर घ्यावी तसा.

"वर येतंय," तांगी म्हणाला. "पण वेळेत नाही यायचं."

"दहा मिनिटं उरली," विमानातली बाई म्हणाली.

आझेनोरनं हिशोब केला. वेळ संपेल तेव्हा खरवडणी पाण्यात असणार. फोटो निघणार. तिसरी ताकीद.

"तुझाही परवाना जाईल, आल्फाँस."

"माझा?" केरांब्रूननं कोटाच्या खिशातून बिस्किट काढलं. त्यावर खाऱ्या लोण्याची थोडी चमक होती. "शिस्त-समितीत कोण आहे सांग. मी, माझा मेहुणा, आणि ते निवृत्त नोटरी, जे झोपलेले असतात. माझं प्रकरण आलं की मी बाहेर जाऊन उभा राहीन. नियम आहे तसा. मेहुणा म्हणेल, निर्दोष. नोटरी मान डोलावतील, झोपेत ती डोलतेच. मग मी आत येईन आणि आपण तुझं प्रकरण घेऊ."

"आणि मेहुण्याचा मुलगा यादीत पहिला."

"ग्वेंडालनं नवे बूटही घेतलेत," केरांब्रून म्हणाले. "पिवळे."

आझेनोरनं या माणसाला इतक्या वर्षांत जे जे म्हटलं होतं, ते सगळं त्याच्यासाठी थोडं कमीच पडलं असं तिला पहिल्यांदा जाणवलं.

केरांब्रून बिस्किट चघळत तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी कठड्यावर कोपरं टेकली आणि आवाज खाली आणला. असा आवाज ते फक्त मतं मागायला काढायचे.

"एक अपवाद आहे, पोरी."

"माहीत आहे."

"कुणीतरी रेडिओवर सांगायला हवं, की मी संकटात आहे, मला मदत हवीय. मग दोघंही सुटलो."

"सांग की मग. विंच तुझा बंद पडलाय. उचलतेय मी."

"मी?" केरांब्रून खरोखर चकित झाले. "तीस वर्षं..."

"एकदाही मागितली नाही. हो."

"पुढच्या महिन्यात निवडणूक आहे. पण तू माग ना. तू म्हण, अध्यक्षांनी मला मदत करावी. मी करीन."

"काय करशील?"

"तू मागशील ते. म्हणजे, तू मागितलीस हेच पुरे."

"आणि भाचा? त्याचे बूट?"

केरांब्रूननं उरलेलं बिस्किट खिशात टाकलं. "भाचा काय, थांबेल," ते म्हणाले. "पण माझ्याकडे आजवर कुणी कधी मदत मागितलेली नाही गं."

हे ऐकून आझेनोरला हसू यायला हवं होतं. आलं नाही, म्हणून ती आणखी चिडली.

"मेले तरी नाही म्हणायची," ती म्हणाली.

*

विंच कण्हत होता. वायरीची वेणी इंच इंच वर येत होती. तांगी खटक्यावर हात ठेवून उभा होता.

"तांडेल," तो म्हणाला.

"काय?"

"बायकोनं आज डुकराचं मटण आणि कुट्टूच्या पिठाचा गोळा शिजत घातलाय."

"बरं मग?"

"काही नाही. ग्वेंडाल दुपारी सॅलड खातो. आणि बोटीवर गाणी म्हणतो. साठीच्या तोंडावर मला त्याच्या हाताखाली घालू नकोस."

आझेनोरनं आयुष्यात एकच गोष्ट नीट साठवली होती, ती म्हणजे या लोकांना कमी लेखणं. इतरांची पेन्शन असते, जमीन असते. तिच्याकडे हे होतं. सगळा ताफा एकाच वाहिनीवर ऐकत असतो. तिथे एकदा 'केरांब्रून, मला मदत कर' असं म्हटलं, की ती साठवण एका वाक्यात खर्ची. आणि नाही म्हटलं तर तो कमी लेखण्याचा अधिकार राहील, पण तो बजावायला धक्क्यावरच्या बाकावर बसावं लागेल. तिथे बसून येणाऱ्याजाणाऱ्या बोटींना नावं ठेवणारे दोन म्हातारे आधीच होते. तिला तेही आवडत नसत.

रेडिओ खरखरला.

"'पेन-कालेद', 'ओदिल दुसरी'. वेळ संपत आलीय. तुमच्या दोघांच्या वायरी पाण्यात आहेत."

केरांब्रूननं आपल्या रेडिओचं बटण दाबलं. "विमान, अध्यक्ष बोलतोय. परिस्थिती ल बिविकबाई सांगतील."

"वरून असं दिसतंय की 'पेन-कालेद' दोन्ही खरवडण्या उचलतेय. 'ओदिल दुसरी', तुम्हाला मदत हवीय का?"

"अजिबात नाही," केरांब्रून म्हणाले. "तीस वर्षांत..."

"'पेन-कालेद', मग तुम्हाला?"

दूरच्या बोटींची इंजिनं हळू झाल्यासारखी वाटली. आपली खरवडणी वर घ्यायची सोडून सगळा ताफा कान देऊन बसलाय, हे आझेनोरला न बघताच कळलं. तिनं रेडिओ उचलला. घसा खाकरला. बटण दाबलं.

"विमान, 'पेन-कालेद'. मी संकटात आहे." तिनं बटण सोडलं, श्वास घेतला, पुन्हा दाबलं. "मला मदत हवीय."

"कुणाची?"

"'ओदिल दुसरी'ची."

"ती मिळतेय का?"

आझेनोरनं पलीकडे पाहिलं. केरांब्रून कठड्याशी ताठ उभे होते, छातीवरचे बिस्किटाचे कण झटकत.

"मिळतेय."

"नोंदीसाठी विचारतेय. ते नेमकी काय मदत करतायत?"

विंच धूर ओकत होता, तांगीचे दोन्ही हात ग्रीसनं माखले होते, 'पेन-कालेद' ओझ्यानं एका कुशीवर कलली होती. आणि अध्यक्षांनी, मदतीच्या भावनेनं, एक हात कमरेवर ठेवला होता.

"ते," आझेनोर म्हणाली, "धीर देतायत."

वर विमानानं आणखी एक घिरटी घातली. मग विमानातली बाई तिच्या त्याच सपाट आवाजात म्हणाली, "नोंद केली. धीर देणं चालू. दोन्ही बोटींना वेळेची सूट. बाकी सगळ्यांना, बंद."

ताफ्यातून कुणीतरी भोंगा वाजवला. मग दुसऱ्यानं. मग सगळ्यांनीच, वरातीत वाजवतात तसे.

*

खरवडण्या वर आल्या तेव्हा दुपार कलायला आली होती. मटण केव्हाच शिजून गेलं असणार. कड्यांच्या दोन्ही पिशव्या फुगलेल्या होत्या. तांगीनं आधी आझेनोरची उघडली. तिच्यातून एकावर एक चिकटलेल्या, कुणीही खात नाही अशा गोगलगाईंच्या शंखांचा ढीग पडला. मग केरांब्रूनची उघडली. तिच्यातूनही तेच, आणि वर एक पांढरं, अखंड कमोड.

शिंपला एकही नव्हता. नमुन्याला ठेवायलासुद्धा नाही.

"इथे काहीच नाही," केरांब्रून म्हणाले.

"तुझ्या नकाशात होतं ना?"

"कुठला नकाशा?"

"शास्त्रज्ञांचा. म्हणून तर तू वळलास."

केरांब्रूननं तिच्याकडे पाहिलं. "तो मी उघडलेलाच नाही. खणाची किल्ली मार्तिनकडे असते. मी तू वळलीस म्हणून वळलो. म्हटलं, ही लबाड आहे, हिला ठाऊक असणार."

तांगीनं फावडं उचललं आणि शंख पाण्यात लोटायला सुरुवात केली. मग थांबून म्हणाला, "मेंढरं म्हणजे काय असतं, तांडेल, तू मला एकदा नीट सांगितलं होतंस."

"शंख टाक," आझेनोर म्हणाली.

खरवडण्या सुटल्या. 'ओदिल दुसरी' मोकळी झाली. पण केरांब्रून निघेनात. कठड्याला धरून उभेच राहिले, आणि आझेनोरला भयंकर संशय आला की त्यांचे डोळे ओले झालेत.

"अकरा वर्षं अध्यक्ष आहे," ते म्हणाले. "लोक येतात. परवाना द्या म्हणतात, दंड माफ करा म्हणतात, याला पकडा म्हणतात, त्याला सोडा म्हणतात. मदत करा असं कुणी नाही म्हणालं."

"वारा लागतोय तुला डोळ्यांत. घरी जा."

"तू छान म्हणालीस."

"आल्फाँस, जा."

त्या क्षणापर्यंत तिला या माणसाचा तिरस्कार श्वासासारखा सहज यायचा. आता पहिल्यांदाच त्यासाठी जोर लावावा लागला. आणि तो लावावा लागला म्हणून तिला त्याचा दुप्पट राग आला.

*

परवाना राहिला. शिस्त-समितीची बैठकच झाली नाही, नोटरींना कुणी उठवलं नाही. ग्वेंडालनं पिवळे बूट घालून धक्क्यावर दोन फेऱ्या मारल्या आणि पुन्हा डब्यात ठेवले. संध्याकाळच्या आत बंदरात पक्कं ठरलं की अध्यक्षांनी ल बिविकच्या पोरीला बुडता बुडता वाचवलं. रात्रीपर्यंत तिच्या बोटीला भोक पडलं होतं. दुसऱ्या दिवशी बेकरीत त्या भोकातून अध्यक्षांनी तिला स्वतःच्या हातांनी ओढून काढलं होतं, आणि बेकरीवाली आझेनोरला पाव देताना म्हणाली, "देवच पाठीशी होता गं."

"बाजूला होता," आझेनोर म्हणाली. "बिस्किट खात."

बेकरीवालीनं हे बुडण्याच्या धक्क्यामुळे आलेलं भ्रमिष्टपण समजून तिला एक लोणीपाव फुकट दिला.

प्रांताच्या वर्तमानपत्राचा माणूस आला आणि फोटो काढून गेला. फोटोत केरांब्रून तिच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते. शौर्यपदकासाठी त्यांचं नाव पाठवायचं ठरलं, आणि वाचवल्या गेलेल्या व्यक्तीचं दोन ओळींचं म्हणणं लागतं म्हणून ते स्वतः तिच्या घरी आले. येताना सफरचंदाची दारू आणली. तिनं दारात उभ्या उभ्या त्या दोन ओळी सांगितल्या. त्यांनी त्या लिहून घेतल्या आणि तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतल्या. दुसऱ्यांदा फक्त ऐकण्यासाठी.

बुधवारी ती समुद्रावर गेली. बापाच्या जागी, सरळ, इकडेतिकडे न बघता. तांगीनं खरवडणी सोडली आणि पहिलीच पिशवी अशी भरून आली, की कड्या ताणून पांढऱ्या दिसायला लागल्या. दुसरी तशीच. रुंद, जड, तळहाताएवढे शिंपले डेकवर खणखणत पडत राहिले. असं कित्येक वर्षांत झालं नव्हतं. तांगी जेवणाबद्दल एक शब्द बोलला नाही, यावरूनच काय ते समजावं.

आणि शंभरेक हातांवर 'ओदिल दुसरी' उभी होती. तिची खरवडणी पाण्यात नव्हती. केरांब्रून शिंपले काढायला आलेच नव्हते. ते कठड्याशी उभे राहून 'पेन-कालेद'कडे बघत होते, एक हात कमरेवर. सगळ्यांना ऐकू जाईल असा रेडिओ खरखरला.

"पोरी, काही लागलं तर सांग. मी आहे इथे. पूर्ण हंगाम."

मग त्यांनी कमरेवरचा हात काढला आणि हलवला. मोठा, गोल, लांबून दिसेल असा.

आझेनोर त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या जिभेवर एकापेक्षा एक चार-पाच वाक्यं तयार होती. खरवडणी तिसऱ्यांदा वर येत होती, भरलेली.

"हात हलव," तांगी हळूच म्हणाला. "हंगाम एप्रिलपर्यंत आहे."

आझेनोरनं हात वर केला. फार नाही, परवान्यापुरता.